सायकलवरील पोलीस गस्त आणि लहान नगर : बर्कली येथील प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पोलीस यंत्रणेचा इतिहास लिहिताना सामान्यतः कायदे, आयोग, दंगली आणि गाजलेले गुन्हे यांना अग्रस्थान दिले जाते. पोलीस शिपाई आपल्या हद्दीत प्रत्यक्ष कसा फिरत होता, पायी की वाहनातून, हा प्रश्न मात्र प्रशासकीय तपशिलाचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः शासनसंस्था आणि सामान्य नागरिक यांची सर्वाधिक वारंवार होणारी भेट न्यायालयात किंवा सचिवालयात होत नसून ती रस्त्यावर होते. त्या भेटीचे स्वरूप ठरविण्यात शिपायाच्या फिरण्याच्या साधनाचा मोठा वाटा असतो. पायी चालणारा शिपाई नजरेला नजर देऊन बोलतो, तर बंद मोटारीतून जाणारा शिपाई नागरिकाला केवळ दिसतो. या दोन टोकांच्या मध्ये सायकलचे स्थान आहे आणि म्हणूनच तिचा पोलिसी इतिहास अभ्यासण्याजोगा ठरतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्कली या लहान नगरात १९०५ नंतर पोलीस गस्त सायकलवर आणण्यात आली. पुढे हेच नगर अमेरिकेतील आधुनिक पोलीस व्यवस्थेची प्रयोगशाळा म्हणून ओळखले गेले. तथापि दहा वर्षे होण्यापूर्वीच तेथील गस्त सायकलवरून मोटारसायकल व मोटारीकडे वळली. त्यानंतर सुमारे सात दशकांनी, १९८७ मध्ये, त्याच किनाऱ्यावरील सिएटल शहरात सायकल पुन्हा पोलीस दलात दाखल झाली. हे आगमन, निर्गमन आणि पुनरागमन यांमागील कारणांचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सायकल पोलीस दलात कोणत्या परिस्थितीत आली, याचा आढावा घेणे.
२. बर्कलीसारख्या लहान नगरात सायकल गस्तीमुळे पोलीस व नागरिक यांच्या संबंधांवर झालेला परिणाम तपासणे.
३. मोटार व रेडिओ यांच्या प्रसारानंतर या संबंधांत झालेल्या बदलाचे विश्लेषण करणे.
४. सायकल गस्तीच्या पुनरागमनाचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

सायकल आणि पोलीस : पार्श्वभूमी

१८२९ साली रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये महानगर पोलीस दल स्थापन झाले. या दलाचा पाया ‘बीट’ हा होता. प्रत्येक शिपायाला रस्त्यांचा एक ठराविक टापू नेमून दिलेला असे आणि तो टापू त्याने ठरलेल्या गतीने पायी फिरावा अशी अपेक्षा असे. दाट वस्तीच्या शहरात ही पद्धत उपयुक्त होती. परंतु विरळ वस्ती, दूरदूरची घरे आणि तुटपुंजे मनुष्यबळ असलेल्या लहान नगरांत व खेड्यांत तिची मर्यादा उघड होत असे. चालत जाणारा माणूस तासाला चार ते पाच किलोमीटरच जाऊ शकतो. घोडा वेगवान खरा, परंतु त्याचा दाणापाणी, तबेला आणि निगा यांचा खर्च लहान नगराच्या तिजोरीला पेलण्यासारखा नव्हता.

या पेचावर उत्तर यंत्रयुगाने दिले. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची असलेली व साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर प्रचारात आणला. त्यामुळे उंच चाकाची, पडण्याची भीती असलेली जुनी सायकल मागे पडली आणि सर्वसामान्य माणसाला झेपेल असे वाहन उपलब्ध झाले. १८९० च्या दशकात युरोप व अमेरिकेत सायकलची अक्षरशः लाट आली.

पोलीस दलांनीही हे वाहन लवकरच स्वीकारले. न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्ट हे पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष असताना १८९५ च्या अखेरीस सायकल पथक सुरू झाले. बेफाम वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारांना आवरणे आणि उधळलेले घोडे अडविणे ही या पथकाची प्रमुख कामे होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी आपल्या आत्मचरित्रात या पथकातील शिपायांच्या धाडसाचा गौरवाने उल्लेख केला आहे. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. महानगरात सायकल आली ती एका विशेष पथकाचे साधन म्हणून. नेहमीची गस्त पायीच राहिली. संपूर्ण गस्तच सायकलवर नेण्याचा प्रयोग पाहण्यासाठी लहान नगराकडे वळावे लागते.

बर्कली नगर आणि ऑगस्ट व्होल्मर

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर बर्कली वसलेले आहे. पश्चिमेकडे पाण्यालगत सपाट भूमी आणि पूर्वेकडे चढत जाणाऱ्या टेकड्या अशी त्याची रचना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ १८७३ मध्ये येथे स्थलांतरित झाले आणि १८७८ मध्ये नगराची अधिकृत स्थापना झाली. १९०० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १३,२१४ होती. १९१० मध्ये ती ४०,४३४ झाली. म्हणजे दहा वर्षांत नगराची लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. घरे नव्या नव्या दिशांना पसरत होती, पोलीस दल मात्र मूठभर माणसांचे होते.

अशा वेळी, १९०५ मध्ये, ऑगस्ट व्होल्मर हे नगर मार्शल म्हणून निवडून आले. व्होल्मर यांचा जन्म १८७६ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तरुण वयात त्यांनी बर्कलीत कोळसा व जनावरांचे खाद्य विकण्याचे दुकान भागीदारीत चालविले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि फिलिपाइन्समध्ये त्यांनी सेवा बजावली. परतल्यावर ते बर्कलीत टपाल वाटण्याचे काम करू लागले. १९०४ मध्ये सुटून धावत निघालेला मालगाडीचा डबा त्यांनी प्राण धोक्यात घालून थांबविला आणि ते नगरात सर्वांच्या परिचयाचे झाले. स्थानिक वृत्तपत्राचे संपादक फ्रेंड रिचर्डसन, जे पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, त्यांनी व्होल्मर यांना निवडणूक लढविण्यास प्रवृत्त केले. पदावर आले तेव्हा व्होल्मर अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

व्होल्मर यांच्या पूर्वायुष्यातील दोन अनुभव या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला टपालवाटपाचा. दारोदार पत्रे पोहोचविणाऱ्या माणसाला नगरातील अंतरे, गल्ल्या आणि वेळ यांचा हिशेब नकाशाशिवाय अवगत असतो. दुसरा अनुभव फिलिपाइन्समधील युद्धाचा. समाजशास्त्रज्ञ ज्युलियन गो यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी पोलीस सुधारणांची मुळे साम्राज्यविस्तारातील लष्करी अनुभवात शोधली असून त्यात व्होल्मर यांचा विचार केला आहे. थोडक्या सैनिकांनिशी मोठा प्रदेश ताब्यात ठेवायचा तर चपळ, विखुरलेली आणि क्षणात एकत्र येऊ शकणारी दले हवीत, हा वसाहतीतील युद्धाचा धडा होता. १८६१ चा पोलीस कायदा ज्या समाजाने अनुभवला आहे, त्याला वसाहत आणि पोलीस यांचे हे नाते अपरिचित नाही. वसाहतीतील अनुभव उलट दिशेने, राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या नगरांतही पोहोचला, ही बाब मात्र विचारात घेण्यासारखी आहे.

सायकल गस्तीची रचना

व्होल्मर यांनी शिपायांची संख्या वाढवून घेतली आणि त्यांना सायकलवर आणले. तोच शिपाई आता पायी गस्तीच्या तिप्पट-चौपट अंतर कापू शकत होता. त्यामुळे थोड्या माणसांत अधिक टापू सांभाळणे शक्य झाले. सायकलीला चारापाणी लागत नव्हता. रात्रीच्या वेळी ती आवाज न करता जात असे, त्यामुळे दुरून चाहूल लागून चोर पसार होण्याचा संभव कमी झाला.

परंतु केवळ सायकल देऊन काम भागणारे नव्हते. शिपाई जितका वेगाने दूर जाईल तितका तो कचेरीपासून तुटत असे. नागरिकाने कचेरीत तक्रार नोंदविली तरी ती रस्त्यावरील शिपायापर्यंत पोहोचवावी कशी, हा प्रश्न होता. यावर उपाय म्हणून नगरात लाल दिव्यांची संकेतव्यवस्था उभारण्यात आली. चौकाचौकांत टांगलेले लाल दिवे कचेरीतून लुकलुकविता येत. संकेत दिसताच शिपाई जवळच्या दूरध्वनी पेटीपाशी जाऊन कचेरीशी बोले आणि सायकलवरून घटनास्थळी पोहोचे. १९०६ पासून गुन्ह्यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्यास आरंभ झाला आणि कोणत्या टापूत कोणत्या प्रकारचे गुन्हे होतात याचा विचार गस्त आखताना होऊ लागला. सायकल, दिवा, दूरध्वनी आणि नोंदवही या चार गोष्टींची ही सांगड होती. पुढील काळातील मोटार, रेडिओ आणि नियंत्रण कक्ष ही रचना मुळात याच सांगडीची विस्तारित आवृत्ती होय.

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भीषण भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगीत ते शहर उद्ध्वस्त झाले. हजारो निर्वासित उपसागर ओलांडून बर्कलीत आले. लहान नगराच्या पोलीस दलावर एकाएकी मोठा भार पडला. अशा प्रसंगांनी वेगवान व संघटित गस्तीची निकड अधोरेखित केली. १९०८ मध्ये शिपायांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९०९ मध्ये नगराच्या नव्या सनदेनुसार मार्शल हे निवडणुकीचे पद जाऊन पोलीस प्रमुख हे पद निर्माण झाले आणि त्यावर व्होल्मर यांचीच नेमणूक झाली.

नागरिकांशी असलेल्या नात्याच्या दृष्टीने या गस्तीकडे पाहिले असता तिचे दुहेरी स्वरूप दिसते. सायकलवरील शिपाई कोणत्याही फाटकापाशी पाय टेकून उभा राहू शकत असे. त्याच्या आणि नागरिकाच्या मध्ये काच नव्हती, दार नव्हते, इंजिनाचा आवाज नव्हता. हाक मारली तर त्याला ऐकू येई. पायी गस्तीत जी जवळीक होती, तिचा बराचसा भाग सायकलने राखला आणि शिवाय वेगही दिला. दुसरीकडे, याच बळकट झालेल्या दलाने आरंभी ज्या कारवाया केल्या त्यांत जुगाराच्या व अफूच्या अड्ड्यांवरील छापे होते आणि त्यांचा रोख चिनी स्थलांतरितांच्या अड्ड्यांकडेही होता. नगरातील सर्वच रहिवाशांना सायकलवरील शिपाई सारखाच आश्वासक वाटला असेल असे मानता येत नाही.

सायकलचे निर्गमन

१९११ च्या सुमारास बर्कलीच्या दलात मोटारसायकली आल्या आणि १९१३-१४ पर्यंत गस्त मोटारींकडे वळली. वाढते नगर, पूर्वेकडील चढाच्या टेकड्या आणि मोटार वापरणारे गुन्हेगार यांचा विचार करता हा निर्णय अवाजवी नव्हता. सायकल ज्या कारणासाठी आली, त्याच कारणासाठी ती गेली. तिची निवड वेगासाठी झाली होती. अधिक वेगवान वाहन उपलब्ध होताच तिची गरज संपली.

या प्रयोगाचा मर्मभाग येथेच आहे. सायकलमुळे टिकून राहिलेली जवळीक हे योजनेचे उद्दिष्ट नव्हते, ते तिचे उपफल होते. गस्तीच्या जमाखर्चात कापलेले अंतर, पोहोचण्यास लागलेला वेळ, नोंदलेले गुन्हे यांना रकाने होते. फाटकापाशी थांबून झालेल्या बोलण्याला रकाना नव्हता. ज्याची नोंदच नव्हती ते गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

व्होल्मर यांना माणसांशी असलेल्या संबंधांचे महत्त्व कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलीस शिपायाने समाजसेवकाप्रमाणे काम करावे, हा विचार त्यांनी १९१९ मध्ये पोलीस प्रमुखांच्या परिषदेत मांडला. मारहाण करून कबुलीजबाब घेण्यास त्यांचा विरोध होता. १९१६ मध्ये विद्यापीठाच्या सहकार्याने पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१९ मध्ये त्यांच्याच दलात वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाची नेमणूक झाली. अमेरिकेतील पोलीस कारभाराची चौकशी करणाऱ्या विकरशॅम आयोगाचा १९३१ चा पोलीसविषयक अहवालही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. तात्पर्य, शिपाई समाजाच्या जवळ असावा ही त्यांची शिकवण होती. परंतु त्यांनीच घडविलेली मोटारगस्त शिपायाला समाजापासून दूर नेत होती. विचार आणि साधन यांची दिशा परस्परविरोधी होती.

पुढच्या पिढीत साधनाचीच सरशी झाली. १९२८ मध्ये डेट्रॉइट येथे पोलीस मोटारींना रेडिओ संदेश पाठविण्यास सुरुवात झाली. व्होल्मर यांचे शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन यांनी मोटारगस्तीचे शास्त्र विकसित केले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पोलीस प्रशासनावरील ग्रंथ अनेक दशके प्रमाणभूत मानला गेला. रस्त्यावर सतत फिरणारी मोटार गुन्हेगाराला धाक घालते आणि दूरध्वनी येताच काही मिनिटांत पोहोचते, हे त्या व्यवस्थेचे मुख्य सूत्र होते.

इंग्लंडमधील लहान गावांतही हाच क्रम थोडा उशिरा घडला. तेथे खेड्यात राहणारा आणि सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांत फिरणारा शिपाई विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. अॅक्रिंग्टन या लँकेशायरमधील नगरात १९६६ मध्ये मोटार व खिशातील रेडिओ यांवर आधारित नवी बीट पद्धत वापरून पाहण्यात आली आणि १९६७ मध्ये ब्रिटिश गृहखात्याने ती देशभर स्वीकारण्याची शिफारस केली. या पद्धतीत एका रहिवासी शिपायाने लोकांशी संपर्क राखावा अशीही तरतूद होती. प्रत्यक्षात मोटारीला प्राधान्य मिळाले आणि संपर्काचे काम मागे पडले. एकच परिणाम दोन भिन्न देशांत दिसून यावा, हे सूचक आहे.

मोटारगस्तीची फेरतपासणी

१९६० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. त्यांची कारणे शोधणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात पोलीस व कृष्णवर्णीय वस्त्या यांच्यातील वैराची दखल घेतली. मोटारीतून फिरणाऱ्या शिपायाचा वस्तीशी संपर्क तुटतो, ही बाबही आयोगाने नमूद केली. त्यानंतर मोटारगस्तीच्या गृहीतकांची शास्त्रीय तपासणी सुरू झाली.

ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर कॅन्सस सिटी येथे एक महत्त्वपूर्ण प्रयोग करण्यात आला. पंधरा बीटांचे तीन गट पाडून एका गटात नेहमीची मोटारगस्त ठेवली, दुसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट वाढविली आणि तिसऱ्यात प्रतिबंधक गस्त थांबवून केवळ तक्रार आल्यासच मोटार पाठविली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार गुन्ह्यांचे प्रमाण, नागरिकांची भीती आणि त्यांचे पोलिसांविषयीचे मत यांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सतत फिरणाऱ्या मोटारीच्या धाकावर ज्या व्यवस्थेची उभारणी झाली होती, तिच्या मुळावरच हा निष्कर्ष आघात करणारा होता.

यानंतर न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे पायी गस्तीचा प्रयोग झाला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पायी गस्तीने गुन्ह्यांचे प्रमाण घटले नाही, परंतु नागरिकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे त्यांचे मत सुधारले. बर्कलीच्या जमाखर्चात ज्या गोष्टीला रकाना नव्हता, तिचे मोजमाप येथे झाले. याच अनुभवाचा आधार घेऊन जेम्स क्यू. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी मार्च १९८२ मध्ये ‘फुटकी खिडकी’ म्हणून प्रसिद्ध झालेली उपपत्ती मांडली. वस्तीतील किरकोळ अव्यवस्थेकडे दुर्लक्ष झाले की मोठ्या गुन्ह्यांना वाव मिळतो, असे तिचे सार होते. या उपपत्तीने गस्तीच्या शिपायाला पुन्हा महत्त्व दिले. परंतु अव्यवस्था कोणती आणि ती ठरविणार कोण, हा प्रश्नही तिने मागे ठेवला.

सायकलचे पुनरागमन

सिएटल शहरात १९८७ मध्ये बससाठी भुयारी मार्गाचे काम सुरू झाले. शहराच्या मध्यभागी रस्ते खोदले गेले, वाहतूक तुंबली आणि पोलिसांच्या मोटारी अडकून पडू लागल्या. त्या वेळी शिपायांनी जाड टायरच्या, डोंगराळ वाटांसाठी बनविलेल्या सायकली वापरून पाहिल्या. म्हणजे येथेही सायकल आली ती वेगासाठीच. गर्दीच्या रस्त्यात ती मोटारीपेक्षा लवकर पोहोचत होती. आवाज न करता येणारा शिपाई अमली पदार्थांची विक्री करणाऱ्यांना आयत्या वेळी दिसत असे. जवळीक पुन्हा एकदा उपफल म्हणूनच मिळाली.

मात्र १९०५ आणि १९८७ या दोन काळांत एक मूलभूत फरक होता. दरम्यानच्या संशोधनाने जवळीकीला नाव, किंमत आणि मापन मिळवून दिले होते. त्यामुळे सिएटलचा प्रयोग ‘समुदायाभिमुख पोलीस व्यवस्था’ या नव्या विचाराशी जोडला गेला आणि झपाट्याने पसरला. १९९२ मध्ये सायकलवरील पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने समुदायाभिमुख पोलीस कार्यासाठी एक लाख शिपायांच्या भरतीला अर्थसाहाय्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. लहान नगरे, विद्यापीठांचे परिसर, बागा व बाजारपेठा यांना सायकल गस्त विशेष सोयीची ठरली. ख्रिस्तोफर मेंटन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलवरील शिपायाचा नागरिकांशी येणारा संपर्क मोटारीतील शिपायाच्या दुपटीहून अधिक असल्याचे आढळले.

दुसरी बाजू

सायकलच्या पुनरागमनाचे वर्णन केवळ गौरवपर करणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या सिएटलमध्ये सायकल गस्तीचे पुनरुज्जीवन झाले, त्याच शहरात १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध मोठी निदर्शने झाली. तेथे सायकलवरील शिपाई जमावाला रोखण्याच्या कामी उतरले. सायकली आडव्या धरून त्यांची भिंत उभी करायची आणि जमाव मागे रेटायचा, हे तंत्र पुढे अनेक शहरांनी आत्मसात केले. २०१६ मध्ये क्लीव्हलँड येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनातही ते वापरले गेले. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाकडून हत्या झाल्यानंतर देशभर निदर्शने झाली. त्या वेळी निदर्शकांविरुद्ध सायकलींचा झालेला वापर पाहून ‘फुजी’ सायकलींच्या उत्तर अमेरिकेतील वितरकाने पोलिसांना सायकली विकणे जून २०२० मध्ये स्थगित केले. गप्पांसाठी थांबण्याचे साधन आणि जमाव रेटण्याचे साधन एकच होते.

यावरून सायकल स्वभावतः लोकशाहीवादी आहे असा समज टिकत नाही. ती शिपायाला नागरिकाच्या जवळ नेते. जवळ गेल्यावर त्याने काय करावे हे ती सांगत नाही. लहान समुदायात तर जवळीकीला आणखी एक अंग असते. जेथे शिपाई प्रत्येकाला ओळखतो, तेथे परक्याकडे, स्थलांतरिताकडे आणि गरिबाकडे त्याची नजर अधिक रोखलेली असू शकते. बर्कलीतील चिनी रहिवाशांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवितो.

निष्कर्ष :

१. पोलीस दलात सायकल प्रथम आली ती वेग आणि काटकसर यांसाठी. नागरिकांशी जवळीक हे तिचे अनुषंगिक फळ होते, तिचा हेतू नव्हता.

२. बर्कलीत सायकल, लाल दिवा, दूरध्वनी व नोंदवही यांची जी सांगड घातली गेली, तिच्यातूनच मोटार व रेडिओ यांवर आधारलेली व्यवस्था विकसित झाली. सायकल गस्तीच्या पोटातच तिच्या निर्गमनाचे बीज होते.

३. जवळीक उद्दिष्टांत नमूद नसल्यामुळे आणि तिचे मोजमाप होत नसल्यामुळे ती नष्ट झाल्याची जाणीव व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ आणि दंगलींची किंमत मोजावी लागली.

४. कॅन्सस सिटी व नेवार्क येथील प्रयोगांनी या जवळीकीला प्रथमच मापन मिळवून दिले आणि सायकलच्या पुनरागमनाला वैचारिक बळ पुरविले.

५. सिएटलचा पुढील इतिहास पाहता, साधन बदलल्याने संबंध आपोआप बदलत नाहीत. शिपायावर कोणते काम सोपविले आहे आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, यावरच सायकलचा परिणाम अवलंबून असतो.

प्रशासनात जे मोजले जाते ते जपले जाते आणि जे मोजले जात नाही ते नकळत गळून पडते, हे बर्कलीच्या प्रयोगाचे सर्वांत मोठे फलित म्हणता येईल. ही गोष्ट पोलीस खात्यापुरती मर्यादित नाही. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत अशा लोकांशी रोजचा संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती लागू पडते. कोणतीही सुधारणा स्वीकारताना ती काय देते याचा हिशेब मांडला जातोच. तिच्यामुळे कोणती न नोंदलेली गोष्ट हातातून सुटणार आहे, याचाही विचार त्याच वेळी होणे अगत्याचे आहे. १९१४ च्या बर्कलीत तो झाला नाही आणि त्याचे मोल पुढील पिढ्यांना द्यावे लागले.